थाळी वाजली की खिडक्या लावा

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ओट्यावर बसून वाल सोलत होते आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. काच खाली ओढलेली. अंगात बंडी, खाली चट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट. स्कूटर आसपास कुठंच नव्हती. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं दलालाकडे पाहिलं. दलाल हळूच म्हणाला, "माणूस चांगला आहे."

काच वर न करताच आतून आवाज आला, "खोली बगून घ्या. पन मागची खिरकी उघरू नका. आज मारलंय."

काय मारलंय हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नंतर कळलं, मागच्या शेतात भेंडीवर औषध मारलं होतं.

मीरा-भाईंदरमध्ये शेत आहे म्हटलं की लोक हसतात. सिल्व्हर पार्कला मी ज्या क्लासमध्ये विज्ञान शिकवते, तिथली मुलं तर भेंडी ॲपवर उगवते असं समजतात. पण भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याला लागलात की राईच्या अंगाला अजून थोडी हिरवी जमीन आहे. आमची भाड्याची खोली त्या जमिनीला पाठ लावून होती. मागची खिडकी उघडली की साठ-सत्तर पावलांवर भेंडी, वांगी, मिरची. फ्लॅटवाल्यांनी ह्याला 'व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे लावले असते.

सामान लावताना मी सगळ्यात आधी माझं डिग्रीचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं. बी.एस्सी., रसायनशास्त्र. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजचं गेट पाहिलेलं नाही. आई-वडील दोघंही अंगठा उठवणारे. त्यामुळे ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगताना लाजत नाही. काका, म्हणजे घरमालक, खोलीत आले आणि फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, वाचतायत.

"यात फोटो न्हाय तुजा?"

"सर्टिफिकेटवर फोटो नसतो, काका."

"मंग कुनाचा हाय कसा कलनार?" असं म्हणून त्यांनी खिळा हलवून पाहिला आणि भिंत फुटली नाही ना याची खात्री करून घेतली. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बीएस्शी' झाले. चिडवायचं असलं की बीएस्शी, काम असलं की बाय.

त्यांना काम एकच असायचं, वारा. तरुणपणी ते घरच्या मिठागरावर राबलेले. मिठागरवाल्याला ऊन आणि वारा पाठ असावेच लागतात, नाहीतर वाफ्यात नुसतं पाणीच राहतं. मिठागर कधीच बंद झालं होतं, पण वारा बघायची सवय गेली नव्हती. सकाळी तोंड धुवायच्या आधी ते अंगणात उभे राहून मान तिरकी करायचे, मग डोळे मिटून एकदा उजवा आणि एकदा डावा कान पुढे करायचे. मी मोबाईलवर हवामान बघून म्हणायचे, "काका, वारा नैऋत्येचा आहे."

"कुठला?"

"मुंबईचा."

"मुंबईचा मुंबईला. राईचा सांग."

हे सगळं खूळ नुसतं खूळ असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण काकींना दमा होता. काकी म्हणजे त्यांची बायको, बोटाएवढी बाई आणि जीभ मिरचीसारखी तिखट. शेतात फवारणी झाली आणि वारा घराकडे असला की त्यांचा श्वास अडकायचा. मग दोन-दोन दिवस त्या भिंतीला टेकून बसायच्या, बोलायच्या नाहीत. काकी बोलत नाहीत म्हणजे काय, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळणार नाही. पंखा बंद पडल्यासारखं घर शांत व्हायचं आणि काका त्या शांततेत वेड्यासारखे फिरायचे.

पण हे सगळं काकींसाठी चाललंय, असं त्यांनी तोंडानं कधी कबूल नाही केलं. विचारलं तर म्हणायचे, "तो दवा मारतं ना, माजा रेडिओ खराब होतो."

आता तुम्ही म्हणाल, सरळ शेतात जाऊन त्या माणसाला सांगायचं ना. मीही तेच म्हटलं. तिथं गोम होती. ती जमीन काकांच्या बापाची. बापानं एका बिल्डरला विकली. बिल्डरला बांधायची परवानगी मिळेना, म्हणून त्यानं ती जौनपूरच्या एका माणसाला भाजी लावायला दिली. जमीन विकली त्या दिवशी काकांनी शपथ घेतली होती की यापुढे त्या मातीत पाय ठेवणार नाही. शपथ पाळण्यात ते पक्के होते. आळीतल्या पोरांचा चेंडू त्या शेतात गेला तर ते आणायचे नाहीत, आणि शेतातल्या माणसाशी बोलायचं म्हणजेही शपथेला धक्का, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. साठ पावलांवरच्या माणसाशी बोलायचं नाही, मग उरलं काय? बंदोबस्त.

पहिला बंदोबस्त मी येण्याआधीचा. उत्तनहून ओळखीच्या कोळ्याकडून त्यांनी मासेमारीची जुनी जाळी आणली आणि परसात बांबूंवर चार पदरी टांगली. औषधाचा तुषार जाळ्यातून आरामात आला. वर उन्हात जाळ्यांचा असा वास सुटला की गावातली सगळी मांजरं आमच्या परसात राहायला आली. दुसरा बंदोबस्त ओल्या गोधड्यांचा. दोरीवर ओल्या गोधड्या टांगल्या की तुषार त्यात अडकतो, हे मात्र खरं निघालं. पण मग त्या गोधड्या धुवायच्या कुणी? काकींनी एकदाच विचारलं, "दम्यानं मारायची हाय का धुन्यानं, ते ठरव." गोधड्या उतरल्या.

तिसरा बंदोबस्त मी. शिकलेली भाडोत्री आलीच आहे तर अर्ज लिहू दे, असं ठरलं. मी जीव ओतून तीन पानी अर्ज लिहिला. थेंब जितका बारीक तितका वाऱ्यावर लांब जातो, पंपाचा दाब किती असावा, नोझल पिकापासून किती उंचीवर धरावं, वस्तीजवळ कोणती काळजी घ्यावी, सगळं मुद्देसूद. एका कार्यालयात सांगितलं, शेती आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, तुमचा भाग शहरात येतो, शहर आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "मॅडम, तुमचं शिक्षण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "वाटलंच. अक्षर सुरेख आहे."

काकांनी तो अर्ज माझ्याकडून मागून घेतला आणि लॅमिनेट करून आणला. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मोरीच्या झरोक्यातून औषधाचा वास यायचा, तिथं तो अर्ज चार बारीक खिळे ठोकून बसवलेला.

"तीनी पानं बरोब्बर बसली," ते म्हणाले. "तुजा अर्ज कामाला आला बग."

मधे एकदा त्यांच्या मुलानं आग्रह करून दोघांना मीरा रोडला पूनम सागरला नेलं. पाचवा मजला, बंद खिडक्या, शेत नाही, औषध नाही. काका चौथ्या दिवशी परत. म्हणाले, तिथं वाऱ्याला डोकंच नाही, कुठून पण येतो, लिफ्टमधून पण येतो. काकींना मी वेगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी राहिली असती गो. पन यो रोज सकाली बाल्कनीत उभा राहून कान फिरवायचा. समोरच्या बिल्डिंगवाल्या बायका पडदे लावाया लागल्या."

परत आल्यावर त्यांनी तो गाजलेला बंदोबस्त केला. छपरावर बांबू उभा केला, त्याला काकींच्या जुन्या लाल परकराची पट्टी बांधली. दुपारी समुद्राकडून वारा फिरला आणि पट्टी शेताकडून आळीच्या दिशेनं फडफडली की काका ओट्यावर येऊन स्टीलची थाळी वाजवणार. थाळी वाजली की आळीतल्या सगळ्यांनी खिडक्या लावायच्या, वाळत घातलेले बोंबील आत घ्यायचे, काकींनी आतल्या खोलीत जाऊन दाराच्या फटीला ओलं फडकं लावायचं. काका स्वतः हेल्मेट चढवून ओट्यावर पहारा देणार.

लोक आधी हसले. पण मग सगळे गप्प झाले, कारण काकांचा अंदाज चुकतच नव्हता. फवारणी काही रोज नसायची, पण ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी थाळी वाजल्यावर दहाव्या मिनिटाला शेतात पंपाची घरघर सुरू. एकदाही थाळीच्या आधी नाही. काकांची छाती दोन इंच वाढली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "वारा कुनाच्या बापाचा न्हाय, पन आपल्या ओलखीचा हाय." मीसुद्धा, लाज वाटते सांगायला, क्लासमध्ये मुलांना हे उदाहरण दिलं. निरीक्षण म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय. फळ्यावर थाळीचं चित्र काढलं होतं.

दीड महिना असा गेला. काकींचा दमा मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आणि एका दुपारी थाळी वाजली, खिडक्या लागल्या, फडकं लागलं, तरी तासाभरात काकींचे ओठ निळे पडायला लागले. मी आणि काकांनी त्यांना रिक्षात घातलं. काकांनी एका हातानं त्यांना धरलं होतं, दुसऱ्या हातानं त्यांच्या तोंडापुढे वर्तमानपत्र हलवत होते. दवाखान्यात शिरलो तर कंपाउंडर धावत आला आणि काकांचाच दंड धरून त्यांना बाकावर बसवायला लागला. "कुठं धडकलात, आजोबा?" तेव्हा आमच्या लक्षात आलं, हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. मशीनचा वाफारा घेताघेता काकी त्यातही हसल्या, आणि हसल्यामुळे पुन्हा धाप लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हे असं पुन्हा पुन्हा झालं तर मी काही करू शकणार नाही."

काकांनी ते ऐकलं होतं. रिक्षात परत येताना रेडिओचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की शपथ त्यांची आहे, माझी नाही. चप्पल घातली आणि तडक शेतात गेले. जौनपूरचा तो माणूस भेंडी तोडत होता. साधा, सडपातळ, माझ्याच वयाचा. मी कमरेवर हात ठेवून सुरू करणार, तेवढ्यात तोच हात जोडून म्हणाला, "बहनजी, चाचा की तबीयत ठीक है ना? कल रिक्शे में जाते देखा. हेलमेट पहने थे."

"चाचा ठीक हैं. चाची बीमार हैं. आपकी दवा से."

तो गोंधळला. "लेकिन हम तो चाचा के कहने पर ही मारते हैं."

"काय?"

"थाली बजाते हैं ना चाचा. बड़ी मेहरबानी है उनकी. हमको हवा का समझता नहीं था. कभी भोर में, बाजार जाने से पहले मारते थे तो दवा उधर जाती थी," त्यानं शेताच्या पलीकडच्या, समुद्राकडच्या टोकाला असलेली आपली झोपडी दाखवली. बाहेर दोन लहान मुली मातीत खेळत होत्या. "छोटी वाली को उल्टी होती थी. फिर चाचा ने झंडा लगाया, थाली बजाना चालू किया. जिस दिन दवा मारनी हो, हम थाली की राह देखते हैं. बजी, झंडा देखा, पीठ पे हवा ली, और चालू. तब से बच्चियाँ एकदम ठीक."

मी वळून आमच्या छपरावरच्या लाल पट्टीकडे पाहिलं. दीड महिना आम्ही ओट्यावर उभं राहून, थाळी वाजवून, आमच्याच घरावर औषध बोलावत होतो. आणि मी, बी.एस्सी., त्याचं चित्र फळ्यावर काढत होते.

घरी येऊन काकांना सांगितलं. वाटलं होतं, भडकतील. त्यांनी ओट्यावरची थाळी उचलून आत ठेवली. काकींनी दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. संध्याकाळी काका ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"बाय, त्याची पोरी कवरी हायत?"

"एक चारची, एक दोनची असेल."

"हं." मान तिरकी करून वारा ऐकत म्हणाले, "दोन वाऱ्यांच्या मधी एक टाइम असतं. रातचा वारा दमतं आनि दर्याचा वारा अजून उठला न्हाय, तवा. साडेआठ ते दहाच्या मधी. पान हालत न्हाय. तवा मारलं तर याच्या घरात पन न्हाय, त्याच्या घरात पन न्हाय."

मी दरवर्षी मुलांना मतलई वारे आणि खारे वारे शिकवते. पुस्तकात दोनच आहेत. मधल्या वेळेवर प्रश्न येत नाही, म्हणून मी कधी शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका बांधापर्यंत आले. बांधावर उभे राहून, शेताकडे न बघता, आभाळाकडे बघून त्यांनी आपल्या हिंदीत सगळं सांगितलं. "तुम साडेआठ को मारेगा. हम हवा देखके हात वर करेगा. हात खाली, पंप बंद." त्या माणसाची हरकत नव्हती, अडचण होती. सकाळी तो भाजी घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात बसायचा, यायला अकरा वाजायचे. तोवर समुद्राचा वारा उठलेला. भाजी विकायला दुसरं कुणी नव्हतं, बायकोला मुली सोडून जाता येत नव्हतं.

काका आभाळाकडेच बघत म्हणाले, "भाजी मी विकतो."

त्यांच्या घराण्यात हे काय होतं ते मला नंतर काकींनी सांगितलं. त्यांच्याकडे भाजी पिकायची तेव्हा ती आळीत वाटायची, रस्त्यावर बसून विकायची नाही. सासऱ्यानं जमीन विकली, पण टोपली डोक्यावर घेतली नाही, असं घर. आणि हे आता दुसऱ्याची भेंडी घेऊन स्टेशनच्या नाक्यावर बसणार. "मना वाटलं जीव देतील," काकी म्हणाल्या, "पन टोपलीला हात लावनार न्हायत."

पहिल्या फवारणीला काका वारा दाखवूनच टोपली घेऊन नाक्यावर जाणार होते, आणि तिथंच गडबड झाली. काकांनी हात वर केला, पंप सुरू झाला, आणि तो माणूस नोझल डोक्याएवढं उंच धरून कारंजं उडवायला लागला. काका बांधावरून ओरडले, "खाली धर, खाली, पानाच्या जवल." त्याला कळेना. काका आणखी ओरडले. मग एकदम उतरले, सरळ वाफ्यात शिरले आणि त्याचा हात धरून गुडघ्याएवढा खाली आणला. चार पावलं त्याच्याबरोबर चालून दाखवलं. परत बांधावर आले तेव्हा त्यांना उमगलं. स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चप्पल होती," ते म्हणाले. "पाय न्हाय लागला."

मी म्हटलं, "नाही लागला, काका."

भाजी विकण्याचा प्रकार मात्र बघण्यासारखा होता. बाटलीवरचं लेबल मी त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यावर रंगीत त्रिकोण असतो, औषध किती जहाल आहे ते सांगणारा, आणि मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही तेही लिहिलेलं असतं. काकांनी ते तोंडपाठ केलं आणि गिऱ्हाईकाला ऐकवायला सुरुवात केली. बाई भेंडीचा शेंडा मोडून बघायला लागली की म्हणायचे, "मोरू नको. ही धा दिवसापूर्वी मारलेली हाय, खा बिनधास्त. ती वांगी नको घेऊ, त्याला अजून दोन दिवस हायत."

"मग इथं कशाला ठेवलीयत?"

"बगायला. परवा ये."

जौनपूरचा माणूस कपाळाला हात लावायचा. "चाचा, आप बेच रहे हो कि भगा रहे हो?" काका म्हणायचे, तुजी बायको त्या वांग्याची भाजी पोरींना घालते का आज? नाही ना? मग लोकांच्या पोरी काय फुकटच्या आल्यात? तो वांगी टोपलीच्या तळाशी सरकवायचा. महिन्याभरानं वांगी वेळ झाल्याशिवाय तोडणंच बंद झालं. नाक्यावरच्या बायका 'काका, आज काय खाऊ?' असं डॉक्टरला विचारावं तसं विचारायला लागल्या. ठरलं होतं ते फवारणीच्या दिवसापुरतं, म्हणजे आठवड्याला एक सकाळ. काका रोज जायला लागले. हात वर करून वारा दाखवायचं काम काकींकडे आलं, परसात खुर्ची टाकून. त्यांचा अंदाज काकांपेक्षा चांगला आहे, असं तो माणूस मला हळूच म्हणाला. मी ते पुढे सांगितलं नाही.

पुढे आम्ही सिल्व्हर पार्कला स्वतःची जागा घेतली. गेल्या उन्हाळ्यात सहज भेटायला गेले. दुपारची वेळ, समुद्राचा वारा चांगलाच सुटलेला. मागच्या खिडक्या सताड उघड्या. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पण तोंड सुरू होतं. डॉक्टरांची गोष्ट सांगत होत्या. तपासून झाल्यावर ते म्हणाले होते, छाती एवढी मोकळी कशी झाली, कुठलं औषध घेताय?

"मी बोलली, औषध न्हाय काय. यो सकालचा घरात नसतो."

काका मागच्या दारात उंबऱ्यावर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी ऐकलं आणि गंभीरपणे मान हलवली, जसं काही त्यांच्या नाक्यावरच्या कामाचं कुणीतरी पहिल्यांदाच जाहीर कौतुक केलं होतं.

काकींनी पदरानं मानेवरचा घाम टिपला. "आता दारातून सर जरा," त्या म्हणाल्या, "मगापासनं वारा अरवून बसलास."

काका बशी सांभाळत उठले आणि बाहेर उन्हात जाऊन बसले.